पीटीच्या तासाला वर्गात बसून राहिलेल्यांसाठी: जन्मजात हृदयदोष आणि मोठेपणीचा व्यायाम

शाळेत पीटीच्या तासाला वर्गात दोघीच असायचो. एक कुणीतरी पाय मुरगळलेली आणि दुसरी मी. पाय मुरगळलेल्या बदलत गेल्या, मी मात्र दहावीपर्यंत त्याच बाकावर होते. माझा जन्म १९८७ सालचा. दीड वर्षाची असताना टेट्रालॉजी ऑफ फॅलोचं (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमध्ये छिद्र आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद, असा जन्मजात दोष) निदान झालं आणि १९९२ मध्ये ऑपरेशन झालं. घरच्यांच्या भाषेत सांगायचं तर ‘पोरीच्या हृदयाला होल होतं, ते बुजवलं.’ बुजवलं म्हणजे संपलं, अशी सगळ्यांची समजूत होती. तरीही ‘पळू नको गं’ हे मात्र संपलं नाही.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. पण गेली दहा वर्षं व्यायाम करते आणि रोजच्या रोज वहीत टिपते. सवय हिशेबाची, दुसरं काय. माझ्यासारखे पंचवीस-तीस-चाळीस वर्षांचे लोक मला विचारतात, ‘ताई, आम्ही चाललं तर चालतं का?’ त्यांच्यासाठी हा लेख आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी वाचा आणि जाऊन आल्यावर पुन्हा एकदा वाचा.

आधी हे समजून घ्या: व्यायामानं काय होतं, काय होत नाही

व्यायामानं झडप दुरुस्त होत नाही, छिद्र मिटत नाही, अरुंद नळी रुंद होत नाही. सुधारतात ते स्नायू. पायाचे, पाठीचे, श्वासाचे स्नायू रक्तातला ऑक्सिजन जास्त चांगला वापरायला शिकतात, मग तेवढ्याच कामासाठी हृदयाला कमी राबावं लागतं. लहानपणापासून बसून राहिलेल्या माणसाचे स्नायू मुळातच कच्चे राहिलेले असतात. आपल्याला लागणारी सगळी धाप हृदयाची नसते. थोडी त्या बाकाचीही असते.

आकड्यांत बोलायचं तर, २०२० साली कॉक्रेन या संस्थेनं जन्मजात हृदयदोष असलेल्यांवरच्या १५ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ९२४ जण होते, काही मुलं आणि काही मोठी माणसं. व्यायाम करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरी १.८९ मिलिलिटरनं वाढली, तीही दर किलो वजनामागे, दर मिनिटाला. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण ज्याची क्षमता मुळात विसाच्या आसपास आहे, त्याच्यासाठी ती जवळजवळ दहा टक्क्यांची वाढ झाली. 

मेख पुढे आहे. यातले बरेचसे अभ्यास बारा आठवड्यांच्या आसपासचे आहेत, आणि आपल्याला जगायचंय पुढची चाळीस वर्षं. ऑस्ट्रेलियात फॉन्टन ऑपरेशन (जन्मतः खालचा एकच कप्पा कामाचा असलेल्यांचं) झालेल्या मोजक्या रुग्णांकडून २० आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला. स्नायू वाढले, हृदयाच्या एका ठोक्यातून जाणारं रक्तही वाढलं. व्यायाम थांबला तसा फायदा ओसरला. माझ्या वहीतही तेच आहे. २०१५ मध्ये सहा मिनिटांत मी ४१० मीटर चालत होते. बारा आठवड्यांनी ४६५. मग नणंदेचं लग्न, दिवाळी, मुलाचं आजारपण असं करत सहा महिने सुटले आणि आकडा ४२० वर आला. म्हणून सुरुवात करतानाच स्वतःला विचारा की हे मला मे महिन्यातही जमणार आहे का? जमणार नसेल तर आराखडा लहान करा.

पायरी १: जुनी फाइल शोधा

कपाटावरची पत्र्याची पेटी उघडा. डिस्चार्ज कार्ड हवं. ‘हृदयाचं ऑपरेशन झालं होतं’ एवढ्यावर कुणीही शहाणा डॉक्टर व्यायाम लिहून देणार नाही. कागदावर तीन गोष्टी सापडायला हव्यात: दोषाचं नाव, केलेल्या शस्त्रक्रियेचं नाव आणि साल.

नावात खूप काही असतं. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र लहानपणी बुजवलंय, मागे काही उरलेलं नाही, फुप्फुसाचा दाब चांगला आहे, अशा माणसाला बहुतेक वेळा इतरांसारखाच व्यायाम करता येतो. फॅलोचं ऑपरेशन झालेल्यांची फुप्फुसाकडची झडप बऱ्याचदा गळकी राहते आणि उजवा कप्पा वर्षानुवर्षं हळूहळू फुगत जातो. महाधमनी अरुंद असल्यानं ऑपरेशन झालेल्यांना पुढे रक्तदाब जडू शकतो. फॉन्टनवाल्यांच्या फुप्फुसाकडे रक्त ढकलायला कप्पाच नसतो. तिथं रक्त पोचतं ते श्वासाच्या ओढीनं आणि पायाच्या स्नायूंच्या दाबानं. म्हणून त्यांच्या पोटऱ्या हा त्यांच्या रक्ताभिसरणाचाच एक भाग. आयझेनमेंगर झालेल्यांची गोष्ट तर पूर्ण निराळी, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

फाइल हरवली असेल तर आईला, मावशीला विचारा. छातीवरचा व्रण कुठे आहे यावरूनही अंदाज येतो. मधोमध उभा असेल तर उघड्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं असण्याची शक्यता जास्त. काखेखाली बाजूला, पाठीकडे वळलेला असेल तर बहुधा नळी जोडलेली किंवा महाधमनीवर काम केलेलं. बाजूचा व्रण असलेल्यांनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे रक्तदाब कोणत्या हाताला मोजायचा. काही जुन्या शस्त्रक्रियांमध्ये हाताकडे जाणारी रक्तवाहिनीच वापरलेली असते. त्या हाताला दाब खोटा, कमी दिसतो. हे माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना पंचविसाव्या वर्षी कळलं.

पायरी २: तपासणी, आणि पाच प्रश्न

ईसीजी आणि टूडी इको तर सगळेच करतात. आपल्याला त्याशिवाय चालवून, म्हणजे ट्रेडमिलवर तपासलेलं हवं. तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजणारी चाचणी मिळाली तर उत्तमच. ती मोठ्या केंद्रांवर होते, त्यासाठी पुणे-मुंबई करावं लागू शकतं. एक दिवस हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन येणं हा खर्च मला तरी पटला. धडधड होत असेल तर चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोके नोंदणारं यंत्र. फॅलोवाल्यांनी अधूनमधून हृदयाचा एमआरआय, कारण उजव्या कप्प्याचं माप इकोत नीट येत नाही.

युरोपातले हृदयतज्ज्ञ व्यायाम लिहून देताना पाच गोष्टी पाहतात. तेच पाच प्रश्न कागदावर लिहून न्या आणि प्रत्येकापुढे उत्तर लिहून घ्या:

१. हृदयाचे कप्पे किती जोरानं काम करतात, फुगलेत का, त्यांच्यावर दाब आहे का?
२. फुप्फुसातला रक्तदाब वाढलाय का?
३. महाधमनी रुंदावलीय का?
४. ठोक्यांची लय बिघडते का, बसल्यावर किंवा श्रमात?
५. ऑक्सिजनचं प्रमाण बसून किती, चालल्यावर किती?

आणि सहावा प्रश्न माझा: ‘मला काय करायची मनाई आहे, आणि का?’ बऱ्याचदा मनाई कधीतरी १९९५ साली कुणीतरी केलेली असते आणि तिचं कारण आता उरलेलं नसतं. तर कधी उलटं. मनाई कुणी केलेलीच नसते, पण करायला हवी असते.

इथंच एक कडू गोष्ट सांगून टाकते. लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, तो १८ वर्षांपर्यंतच. त्यानंतर आपण कुणाचे? लहान मुलांचे हृदयतज्ज्ञ म्हणतात मोठे झालात, मोठ्यांचे म्हणतात ही केस लहान मुलांची. माझ्याही बाबतीत अकरा वर्षं कुणी फॉलोअपला बोलावलं नाही, आणि आम्हीही गेलो नाही. तुम्ही बोलावण्याची वाट पाहू नका.

कुणी थांबायचं

बसल्या बसल्या धाप, श्रमात चक्कर किंवा शुद्ध हरपणं, अलीकडे वाढलेली सूज, झडप किंवा महाधमनी फार अरुंद असणं, लय आटोक्यात नसणं, अंगात ताप, यांपैकी काहीही असेल तर आधी इलाज, मग व्यायाम. आयझेनमेंगर झालेल्यांनी, म्हणजे फुप्फुसाचा दाब कायमचा वाढून ओठ-नखं निळी पडणाऱ्यांनी, स्वतःच्या मनानं काही सुरू करू नये. त्यांच्यासाठीही हलकी हालचाल असते, पण ती तज्ज्ञांच्या नजरेखाली आणि दम लागायच्या आत थांबणारी.

महाधमनी रुंदावलेल्यांनी जड वजन उचलू नये. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कबड्डी आणि कुस्ती बंद. आमच्या गल्लीत हे सांगणं म्हणजे वैर ओढवून घेणं, तरीही बंद. आयसीडी (लय बिघडली की हृदयाला झटका देणारं यंत्र) बसवलेल्यांनी ते किती ठोक्यांना झटका देतं हे विचारून त्याच्या दहा-वीस ठोके खालीच राहावं. उघडं ऑपरेशन ताजं असेल तर छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर चालणं ठीक, पण घागर, सिलिंडर, कडेवर पोर, काही नाही.

पायरी ३: जोर किती लावायचा

इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून जरा थांबून सांगते.

जिमच्या भिंतीवर एक तक्ता असतो. २२० मधून वय वजा करा आणि त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर पळा. हा तक्ता आपल्यासाठी नाही. जन्मजात दोष असलेल्या पुष्कळ जणांचे ठोके श्रमात इतरांइतके वाढतच नाहीत. ऑपरेशनचा परिणाम, बीटा ब्लॉकर गोळी, पेसमेकर, कारण काहीही असो. २०१५ मध्ये मी अठ्ठावीस वर्षांची होते. तक्त्याप्रमाणे माझा कमाल आकडा १९२ यायला हवा होता आणि त्याचे सत्तर टक्के म्हणजे १३४. ट्रेडमिलवर माझे ठोके १५० ला अडकले आणि पाय थांबले. म्हणजे १३४ हा माझ्यासाठी निवांत चालायचा आकडा नव्हताच, ती जवळजवळ धाव होती.

मग हिशेब असा करायचा. बसून ठोके ७०, चाचणीत सर्वांत जास्त १५०, फरक ८०. या ८० चे चाळीस टक्के म्हणजे ३२, ते ७० मध्ये मिळवले की १०२. साठ टक्के म्हणजे ४८, मिळवले की ११८. माझी चालण्याची पट्टी १०२ ते ११८ अशी ठरली. तुमचे आकडे तुमच्या चाचणीतून काढा आणि डॉक्टरांना दाखवून पक्के करून घ्या. लय अनियमित असेल, पेसमेकर असेल तर ठोक्यांचा नाद सोडा आणि बोलण्यावर या.

बोलण्याची कसोटी साधी आहे. चालताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की वेग कमी करा. मी मनात ‘सुंदर ते ध्यान’ म्हणून बघते. चालीत म्हणता आलं तर वेग वाढवते. अडखळले की ठीक. नुसतं बोलणंही जमेना की थांबते.

ऑक्सिमीटर असेल तर वापरा, नखाला रंग नको. प्रमाण किती खाली गेल्यावर थांबायचं हा आकडा माणसागणिक वेगळा. ज्यांचं बसूनच कमी असतं त्यांना दुसऱ्याचा आकडा उपयोगाचा नाही.

पायरी ४: पहिले बारा आठवडे

पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस, रोज दहा मिनिटं सपाट रस्त्यावर. एवढंच. हे फार कमी वाटेल आणि वाटायलाच हवं. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. आठव्या आठवड्यापर्यंत पंचवीस मिनिटांवर आलात तर पुष्कळ झालं. नवव्यापासून एक खुबी करा: एक मिनिट झपझप, दोन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. बाकीचा वेळ नेहमीच्या चालीनं. बाराव्या आठवड्याला तीस मिनिटं, पाच दिवस. म्हणजे आठवड्याचे दीडशे, जे जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच मोठ्या माणसांना किमान म्हणून सांगते.

एखादा आठवडा बिघडला तर मागच्या आठवड्यावर जा, पुढे उडी नको.

सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं सावकाश चालण्याची. शेवटची पाच तर सोडूच नका. जोरात चालून एकदम बाकड्यावर बसलं की पायांत उतरलेलं रक्त तिथंच थांबतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. फॉन्टनवाल्यांना आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे विशेष जाणवतं.

आता ‘घरकाम काय कमी व्यायाम आहे का?’ हा सासूबाईंचा प्रश्न. मी दोन आठवडे घरकामाच्या वेळीही ठोके मोजले. भाकरी थापताना ८८, झाडताना ९४, आणि पाण्याची भरलेली कळशी उचलून जिना चढताना १३६. म्हणजे बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम फाजील. दोन्हीकडून तोटा. घरकाम मोजा, पण त्याला व्यायाम म्हणू नका.

पायरी ५: स्नायू, आणि दम कोंडण्याबद्दल

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोन दिवस हे करा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा. भिंतीला धरून टाचा उचलणं, पंधरा वेळा. भिंतीवर हात टेकून जोर, दहा. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन कोपरातून वर-खाली, बारा ते पंधरा. मध्ये एक मिनिट थांबायचं. हे सगळं आरामात दोनदा जमलं की बाटल्या एक लिटरच्या. पंधरा वेळा जे सहज उचलता येत नाही ते आपल्यासाठी जड.

जोर लावताना श्वास सोडायचा. दम कोंडून रेटलं की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, रक्तदाब उसळतो. तालमीतले जोर-बैठका वाईट नाहीत, पण दम धरून मारायचे ते आपले नव्हेत.

योगासनांबद्दल लोक सर्रास म्हणतात, ‘योगा तर कुणीही करावा.’ नाही. अनुलोम-विलोम कुंभकाशिवाय असेल तर छान. श्वास रोखून धरणं नको. कपालभातीचे जोरदार झटके, शीर्षासन, सर्वांगासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सूर्यनमस्कार सावकाश, चार-सहा, प्रत्येक स्थितीत श्वास चालू ठेवून. घड्याळ लावून एकशे आठचा संकल्प सोडू नका. मी एकदा रथसप्तमीला सोडला होता. चौदाव्याला खाली बसले.

पोहणं चांगलं, पण एकट्यानं कधीच नाही. ज्यांना कधी शुद्ध हरपल्याचा इतिहास आहे त्यांनी तर नाहीच. गार विहिरीत वरून सूर मारणं कुणीच करू नये.

पायरी ६: सोलापूरचं ऊन

पुस्तकातल्या आराखड्यात एप्रिल-मे नसतो. आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो आणि सकाळी आठलाच डांबर तापतं. उन्हात त्वचेकडे रक्त धावतं, घामानं पाणी जातं, मग हृदय तेवढ्याच चालीला जास्त ठोके देतं. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे लवकर भोवतं. निळेपणा असलेल्यांचं रक्त आधीच दाट असतं, पाणी कमी पडलं की आणखी दाट होतं. फॉन्टनवाल्यांच्या हृदयाकडे परतणारं रक्तच घटतं.

माझं उन्हाळ्याचं वेळापत्रक असं आहे. मार्च ते जूनचा पहिला पाऊस, पहाटे साडेपाचला बाहेर, सव्वासहाला घरात. सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं किल्ल्याच्या बाजूला, तिथं निदान वारा असतो. तेही न जमलं तर घरात पंख्याखाली. हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत माझी चौदा पावलं होतात. आठवड्याची मिनिटं तीच ठेवायची, वेग उतरवायचा. ठोक्यांची पट्टी तीच राहते, त्या पट्टीत चाल आपोआप मंदावते. तेव्हा ‘मी मागे पडले’ असं वाटून घेऊ नका.

पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांनी बांधून दिलं असेल तर उन्हाळ्यासाठी वेगळा आकडा मार्चमध्येच विचारून घ्या. आणि हो, शेंगाचटणी. कडक भाकरीबरोबर ती लागतेच, मलाही लागते. सूज येणाऱ्यांनी तिच्यातलं मीठ मोजावं. मी घरी अर्ध्या मिठाची कुटते आणि पाहुण्यांना सांगत नाही.

वर्षात तीन वेळा आराखडा मोडतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, मे महिन्यात आणि दिवाळीत. हे आधीच माहीत आहे, तर त्या आठवड्यांसाठी ‘तुटपुंजा बेत’ लिहून ठेवा: आठवड्यातून तीन दिवस, पंधरा मिनिटं. एवढ्यानंही कमावलेलं बरंचसं टिकतं. शून्यावर आलं तर परत पहिल्या पानापासून.

कोजागरीला तुळजापूरला चालत जायचं का, हा प्रश्न दरवर्षी येतो. ४५ किलोमीटर. माझा मावसभाऊ म्हणतो, ‘ताई, चल की, देवी बघून घेईल.’ देवी बघेल, पण रात्रभर जागून, गर्दीत, वेळेवर गोळी न घेता चालणं हा व्यायाम नव्हे. मी शेवटचे पाच किलोमीटर चालते, त्याआधी गाडीत बसते. नवस त्याच बेतानं बोलले होते.

कधी थांबायचं आणि १०८ ला फोन करायचा

छातीत दुखणं किंवा आवळणं, भोवळ, शुद्ध हरपणं, थांबल्यावरही पाच-दहा मिनिटांत शांत न होणारी धडधड, ओठ नेहमीपेक्षा निळे. चालताना शुद्ध हरपली आणि लगेच बरंही वाटलं, तरी त्याच दिवशी दवाखाना. फॅलोच्या ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी खालच्या कप्प्यातून गंभीर लय सुरू होऊ शकते आणि भोवळ ही तिची पहिली हाक असू शकते.

ताप असताना व्यायाम बंद. कृत्रिम झडप असेल आणि ताप चार-पाच दिवस हटत नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून घेऊ नका. आधी रक्ताची कल्चर तपासणी, कारण हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतू धरलेत का हे गोळी घेतल्यावर लपून जातं. दात काढायला जातानाही झडप असल्याचं सांगायचं.

पायरी ७: वही

खरं तर मला एवढंच सांगायचं होतं. बाकीचं कुठेही मिळेल.

२०० पानी साधी वही. रोज एक ओळ: तारीख, मिनिटं, बसलेले ठोके, चालीतले सर्वांत जास्त ठोके, धाप शून्य ते दहापैकी किती. दर रविवारी वजन. दर तीन महिन्यांनी एकदा, त्याच जागी, त्याच वेळी, सहा मिनिटं चालून अंतर मोजायचं. तीस मीटरचा सपाट पट्टा खडूनं आखा, फेऱ्या मोजा. सोबत कुणीतरी हवं.

वही हवी, कारण आपल्याला धाप कळतच नाही. जन्मापासून तशीच लागत आलीय. २००५ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी जन्मजात दोष असलेल्या ३३५ मोठ्या माणसांची क्षमता मास्क लावून मोजली. ‘मला काहीच त्रास नाही’ म्हणणाऱ्यांचीही क्षमता निरोगी माणसांपेक्षा कितीतरी कमी निघाली, आणि ज्यांची फार कमी होती ते पुढे जास्त वेळा दवाखान्यात गेले. आपण खोटं बोलत नाही. आपल्याकडे तुलना करायला दुसरं शरीरच नसतं.

माझी वही अशी आहे. २०१६ ते २०२० या काळात ४७५ ते ४९० मीटर. लॉकडाऊनमध्ये गच्चीवर चालले, तेव्हाही ४८५. २०२१ च्या मार्चमध्ये ४७०, जूनमध्ये ४५८, सप्टेंबरमध्ये ४४५. मिनिटं मात्र कमी झाली नव्हती. आठवड्याचे दीडशे, प्रत्येक पानावर. घरातले म्हणाले कोरोनाचा अशक्तपणा. मला झालाच नव्हता. एका डॉक्टरांनी वजन बघा म्हटलं. वजन तेच होतं, लिहिलेलं होतं. मग मी वही टेबलावर उघडून ठेवली आणि म्हटलं, ‘व्यायाम तोच आहे, आकडा उतरतोय.’ एमआरआय झाला. उजवा कप्पा बराच फुगला होता, झडप पूर्ण गळत होती. २०२२ मध्ये नवी झडप बसवली, वेळेत.

मी बसून राहणारी असते तर उतरलेला आकडा आळसाच्या नावावर खपला असता. वर्षानुवर्षं एकसारखा व्यायाम करण्याचा हाही एक फायदा आहे आणि माझ्या मते तो ताकद वाढण्यापेक्षा मोठा आहे. कुठल्याही महिन्यात तुमचं हृदय बदललं तर तुम्हाला ते दिसतं. म्हणून नियम असा: मिनिटं कमी न होता सहा मिनिटांचं अंतर लागोपाठ दोन तिमाही घसरलं, किंवा त्याच चालीला धाप दोन आकड्यांनी वाढली, तर पुढच्या फॉलोअपची वाट न पाहता वही घेऊन जा. मिनिटंच कमी झाली असतील तर आधी मिनिटं भरून काढा आणि मग मोजा.

उलटही लक्षात ठेवा. आकडा चांगला आहे म्हणून वार्षिक तपासणी चुकवू नका. महाधमनी रुंदावत असेल तर ती चालण्याच्या आकड्यात दिसत नाही. मूल हवं असेल तर वही आणि फाइल दोन्ही घेऊन दिवस राहण्याआधीच भेटा.

शॉन व्हाइट नावाचा अमेरिकन स्नोबोर्डपटू माझ्याच दोषासह जन्मला आणि ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं घेऊन गेला. त्याचा फोटो मी वहीच्या आतल्या पानावर चिकटवलाय. मुलगा विचारतो, तू पण जाणार का? मी त्याला वहीतली ओळ दाखवते.

शेवटची तिमाही नोंद: ५०२ मीटर, धाप चार, बसलेले ठोके ६८. नवी झडप प्राण्याच्या ऊतीची आहे, तीही काही वर्षांनी झिजणार. म्हणून वही क्रमांक चारचं पहिलं पान कालच आखलं: डावीकडे तारीख, उजवीकडे धाप, आणि वर लाल शाईत दोषाचं नाव, शस्त्रक्रियांची सालं, गोळ्यांची नावं, आणि रस्त्यात पडलेली सापडले तर फोन कुणाला करायचा ते.